खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळं येतं. हे माझं मत नाही, आमच्या घरातला समज आहे. गिझर बिघडो, पासपोर्ट अडो, आई म्हणते, "जावईबापूंना विचारू या." तो बंगळुरातच, पण पार दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहतो, तिथल्याच एका टेक पार्कात मोठ्या हुद्द्यावर आहे, मूळचा पुण्याचा आहे, आणि या तिन्ही गोष्टी तो पहिल्या पाच मिनिटांत कुणालाही कळू देतो. समोर मी त्याला 'तुम्ही' म्हणते. इथे 'तो' म्हणणार आहे. एवढी सवलत मला असावी.

मी स्वतः एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या सूचना लिहिते. हे बटण दाबा, मग ते दाबा, अमुक होईपर्यंत थांबा. अशा सूचना कुणी वाचत नाही, आणि ज्यांना सगळं येतं ते तर मुळीच नाही. फार न बोलणाऱ्या माणसाला हे काम बरं असतं. आपण लिहायचं आणि लोक कसे चुकतात ते बघत बसायचं.

आता आईच्या कामाबद्दल. ती ब्लाउजवरच्या मशीनच्या भरतकामाची डिझाइनं करते. कागदावरचा मोर कॉम्प्युटरवर घ्यायचा, सुई कुठून शिरेल, कुठे वळेल, दोरा कुठे तुटेल हे टाक्याटाक्याने ठरवायचं. याला पंचिंग म्हणतात. तयार फाइल पेनड्राइव्हवर घालून ती चिकपेटेतल्या मशीनवाल्यांकडे नेते, आणि मग त्यांची मशीनं दिवसभर तोच मोर भरत बसतात. वडील गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, येलहंक्यातलं आमचं घर या मोरांवर आणि कोयऱ्यांवर चाललं आहे. अक्काचं लग्न त्यातूनच झालं, माझं कॉलेजही.

हे सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर होतं, पुढच्या खोलीत खिडकीजवळ ठेवलेल्या. त्यातलं पंचिंगचं सॉफ्टवेअर ज्याने विकलं तो घरी येऊन, स्वतः बसून, ते चालू करून देऊन गेला होता. त्याचं दुकान आता नाही आणि फोन लागत नाही. म्हणजे ते सॉफ्टवेअर दुसरीकडे नव्याने घालणं शक्य नव्हतं.

गणपती झाल्यावर त्या कॉम्प्युटरच्या पोटातून आवाज यायला लागला. टक्, टक्, मग जरा शांतता, मग परत टक्. आईला वाटलं डबा हलतोय, म्हणून तिने खाली जुन्या टॉवेलची घडी सरकवली. मला आवाज ओळखता आला. हार्ड डिस्क जायला आली की असाच आवाज येतो. मी फाइली कॉपी करायला घेतल्या तर अर्ध्यात कॉम्प्युटर गोठला आणि आई घाबरून म्हणाली, "राहू दे गं, हात लावू नको आता." त्याआधी अकरा वर्षांत मी एकदाही का कॉपी करून ठेवली नाही, हे मला कुणी विचारलं नाही. सूचना लिहिणारे लोकही सूचना वाचत नाहीत, एवढंच माझं उत्तर आहे.

मार्ग एकच होता. अख्खी सिस्टिम, त्या सॉफ्टवेअरसकट, जशीच्या तशी उचलून नव्या डिस्कवर न्यायची. आई चिकपेटेला फाइली द्यायला निघाली त्या दिवशी मी तिच्याबरोबर मेट्रोने गेले आणि पुढे एस. पी. रोडवर नवी डिस्क घेतली. दुकानदाराने "एनु बेकु?", म्हणजे काय हवंय, असं विचारलं ते मला नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला. मी हवी ती डिस्क सांगितली, जोडायची वायर सांगितली. त्यावर त्याने इंग्रजीत विचारलं, भावासाठी का? मी हो म्हटलं. त्याला समजावत बसण्याएवढी त्याची लायकी नव्हती.

घरी येऊन मी आईला सांगितलं की येत्या रविवारी मी हे करते.

"तुला जमेल?"

"जमेल."

"आणि काही झालं तर?" आई म्हणाली. "खंडेनवमीला जावईबापू येणारच आहेत. त्यांचा हात लागू दे. दिवसही चांगला आहे."

"दिवसाचं डिस्कला काय कळतं?"

"डिस्कला नाही, त्यांना कळतं. ते असताना आपण परस्पर केलं तर काय वाटेल त्यांना?"

म्हणजे अकरा वर्षांचं काम आणखी बारा दिवस टक् टक् करत पडून राहणार होतं, कशासाठी, तर जावयाला वाईट वाटू नये म्हणून. मी काही बोलले नाही. न बोलण्याचा मला तिटकारा आहे आणि मी तेच करत आले आहे.

आयुधपूजेला आमच्या घरी अजून खंडेनवमीच म्हणतात. आमचे पूर्वज कधीतरी तलवारी घेऊन या बाजूला आले, असं सांगतात. घरात आता तलवार नाही, सुरीसुद्धा बोथट आहे. पूजा होते ती कात्रीची, शिलाई मशीनची, मिक्सरची, माझ्या स्कूटरची आणि कॉम्प्युटरची. नियम एकच आणि तो आई कधी मोडत नाही. पूजेच्या वेळी आयुधं शांत हवीत, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. मिक्सरची वायर काढतात. कात्री मिटून तिला दोरा बांधतात. चटणी आदल्या दिवशीच वाटलेली असते.

तो अकरा वाजता आला. हेब्बाळच्या ट्रॅफिकबद्दल सविस्तर बोलून झालं, मग माझ्याकडे वळला.

"काय मेहुणीबाई, मौनव्रत चालूच का अजून?"

लग्न झाल्यापासून चार वर्षं तो दर भेटीत हेच म्हणतो आणि दर वेळी स्वतःच हसतो. अक्का पण हसली. पूर्वी ती अशी हसत नसे.

बाह्या दुमडून तो खुर्चीत बसला. नव्या डिस्कचं खोकं उलटसुलट करून पाहिलं.

"ही कोणी आणली?"

"मी."

"चालेल. मला विचारलं असतंस तर याहून भारी सुचवली असती."

मी धीर करून म्हटलं, "भावोजी, आधी सगळं नव्या डिस्कवर कॉपी करून घेऊ या का? मग बाकीचं बघता येईल."

"अगं, आजारी डिस्क कॉपी केली तर आजारच कॉपी होणार ना! आधी रिपेअर, मग क्लोन. बेसिक आहे हे."

"पण रिपेअर करताना तिच्यावर ताण..."

"त्यांना करू दे ना गं," अक्का म्हणाली.

त्यांना करू दिलं. त्याने डिस्क तपासून दुरुस्त करण्याचा कार्यक्रम सुरू केला. पडद्यावर टक्के वाढू लागले आणि त्याबरोबर आवाजही. तो मात्र उठून सोफ्यावर गेला आणि फोनवर कुणाला तरी, आपण सध्या किती मोठी सिस्टिम एका जागेवरून दुसरीकडे हलवतोय, ते सांगू लागला. ऑफिसातली. मोठी सिस्टिम हलवणारा माणूस आमची लहान सिस्टिम सोडून चिवडा खात होता. मी स्टूल घेऊन पडद्यासमोर बसले. बारा टक्के. एकोणीस. सव्वीसवर बराच वेळ.

एकेचाळीस टक्के झाले तेव्हा आई तबक घेऊन आली. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, निरांजन. साडी बदललेली.

"झालं का? राहुकाळाच्या आत पूजा व्हायला हवी. आता बंद करू या."

पडद्यावर टक्क्यांच्या खाली इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की हे काम पूर्ण होईपर्यंत कॉम्प्युटर बंद करू नका. असली वाक्यं लिहिणारी माझ्यासारखीच कुणीतरी असते. ते वाक्य तीन वेळा बदलून, कुणाशी तरी वाद घालून, शेवटी इतकं साधं करते की ते लहान मुलालाही कळावं. तो सोफ्यावरून उठून आला, वाक्याकडे पाहिलं, आणि म्हणाला,

"हो हो आई, करा बंद. काही होत नाही. तसं लिहिलेलंच असतं सगळीकडे."

हे काम संपेपर्यंत, म्हणजे पाचेक वाजेपर्यंत, पूजा थांबवा, हे सासूला सांगायला त्याला संकोच वाटला असेल. किंवा भूक लागली असेल. मला भुकेचं कारण जास्त पटतं.

मी "थांब" म्हटलं. म्हटलं हे नक्की, पण ते स्टुलापलीकडे पोचलं नसावं. आईने भिंतीवरचं बटण खाली केलं. पडदा काळा झाला. टक् टक् थांबली.

"बघ, कसं शांत झालं," आई म्हणाली, आणि डब्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली.

मग सगळं यथासांग झालं. स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. दारासमोर कोहळा फोडला. भावोजींनी तो फोडला, कारण तेही त्यांना येतं. जेवणात पुरणाची होळगी होती. त्याने सहा खाल्ल्या, "तुमची ही बंगळुरी पुरणपोळी पातळ असते, पण बरी लागते" असं म्हणत खाल्ल्या. झोपला. चार वाजता उठून चहा घेतला आणि चपला घालताना म्हणाला, "उद्या ऑन केलं की जिथे थांबलं तिथून आपोआप कंटिन्यू होईल. मग मला फोन करा, मी सांगतो पुढे काय ते."

दुसऱ्या दिवशी दसरा. आईने उत्तरपूजा केली, डबा किंचित हलवला आणि बटण चालू केलं. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली. सिस्टिम सापडत नाही. आईला इंग्रजी वाचता येतं, पण तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मी वाचलं तर ते वेगळं निघेल.

तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अरेरे," तो म्हणाला. "मग गेलीच ती. एंड ऑफ लाइफ असणार. आई, तुम्ही टेन्शन नका घेऊ. दिवाळीत येतो तेव्हा नव्या डिस्कवर फ्रेश सिस्टिम टाकून देतो."

"आणि माझी डिझाइनं?"

"डिझाइनं काय हो, आता एआय दोन मिनिटांत मोर काढून देतं. मी दाखवतो तुम्हाला."

"सरी," आई म्हणाली आणि फोन ठेवला. घरच्या माणसाला ती एरवी 'सरी', म्हणजे कन्नडातलं 'बरं', म्हणत नाही. ते ती रिक्षावाल्याला म्हणते, भाव पटला नाही तरी उतरायचं असतं तेव्हा.

मग ती खुर्चीत बसून राहिली. एका लग्नातल्या सात ब्लाउजांची डिझाइनं पुढच्या आठवड्यात चिकपेटेला द्यायची होती. पाच झाली होती, ती आतच होती. पण ती त्यांच्याबद्दल बोलली नाही. कीबोर्डच्या फटीत गेलेलं कुंकू तिने काडीने काढायला घेतलं. दोन मिनिटांत निघणारा मोर करायला तिला तीन दिवस लागतात, कारण तिचा मोर कापड न ओढता भरून निघतो. हे त्या माणसाला कळावं अशी अपेक्षाही मी करत नाही. ते कळायला आधी दुसऱ्याच्या कामाकडे बघावं लागतं.

मी स्क्रू ड्रायव्हर आणला.

"त्यांना एकदा विचारून..." आईने सुरुवात केली.

"नाही," मी म्हटलं.

ती खुर्चीतून उठली. मी तरी काय कमावलं, एक शब्द, तोही एक दिवस उशिरा.

डबा उघडला, नवी डिस्क जोडली, आणि माझ्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला, म्हणजे जुन्या डिस्कवरची सिस्टिम जागी करायची गरजच पडली नाही. त्या पेनड्राइव्हवर एक साधा प्रोग्रॅम होता. तो डिस्कचा जो भाग वाचता येतो तो आधी उचलून नव्या डिस्कवर ठेवतो. जिथे अडखळतो ती जागा लिहून ठेवून पुढे जातो, आणि शेवटी त्या अवघड जागांकडे परत येतो.

"हा दुरुस्त करतो का?" आईने विचारलं.

"नाही. फक्त उचलतो. दुरुस्ती नंतर, आणि ती कॉपीवर."

"बरोबर आहे. विरलेल्या कापडावर थेट टाका घालतच नाहीत. आधी खाली अस्तर लावायचं."

एवढंच. तिला एका वाक्यात कळलं. ज्याच्या हाताखाली तीस माणसं आहेत म्हणे, त्याला कळलं नव्हतं, आणि तिने त्याचीच बारा दिवस वाट पाहिली होती. मला तेव्हा नेमका कुणाचा जास्त राग आला हे सांगता येणार नाही.

सकाळी दहाला सुरू केलं ते साडेपाचपर्यंत चाललं. मधे शेजारच्या आंटी दसऱ्याचं सोनं म्हणून बन्नीची पानं द्यायला आल्या, उघडा डबा पाहून त्यांनी कन्नडात विचारलं, जावई करतायत का? आईने मान डोलावली. जावई घरात नव्हते. आंटींनाही ते दिसत होतं.

शेवटी थोडासाच भाग वाचायचा राहिला. नवी डिस्क जुन्या जागी लावली. लगेच सुरू झाली नाही. कॉपीवरची दुरुस्ती चालवली, सुरुवातीचा भाग नीट केला, आणि तिसऱ्या खेपेला आईचा ओळखीचा पडदा आला, तोच हिरवा डोंगर, त्यावर तिने वेडेवाकडे ठेवलेले आयकॉन. तिने पंचिंगच्या सॉफ्टवेअरवर क्लिक केलं. उघडलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि चहा टाकायला गेली.

डिझाइनांच्या फोल्डरात मात्र अर्धं रिकामं होतं. मी शोधत गेले तेव्हा एक वेगळंच फोल्डर सापडलं. अर्धवट दुरुस्तीत सुटलेल्या फाइली तिथे पडल्या होत्या, नावं गेलेल्या, नुसत्या आकड्यांच्या. तीनशेच्या वर. आईने एकेक उघडायला घेतली. पडद्यावर टाके उमटायला लागले की अर्धा मोर व्हायच्या आत ती सांगायची.

"हा हिरव्या खणावरचा. लिही, 'मोर मान वळलेला'."

"हा?"

"ही कोयरी नाही गं, आंबा आहे. देठ बघ. हा त्या वकीलबाईंच्या सुनेचा, तिला बाही लांब हवी होती."

दोन दिवस ती सांगत होती आणि मी नावं घालत होते. सगळ्या झाल्या नाहीत. शंभरेक तशाच आकड्यांच्या राहिल्या, ती रोज थोड्या थोड्या बघणार होती. चाळीसएक फाइली मिळाल्याच नाहीत. त्यात लग्नाच्या पाचांपैकी दोन होत्या. त्या तिने पाठ न टेकता पुन्हा केल्या आणि वेळेत दिल्या.

त्या चाळीस फाइली त्याच्या तपासणीत गेल्या, की बटण बंद केल्याने गेल्या, की त्या तशाही जाणारच होत्या, हे मला सिद्ध करता येणार नाही. डिस्क मरायलाच आली होती. हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवते. त्याच्याबद्दलचं माझं मत त्याने बदलत नाही.

त्याच आठवड्यात आईने त्याला फोन केला. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू येत होतं.

"झालं बरं का सुरू. तुम्ही ते स्कॅन केलंत ना, त्याचाच उपयोग झाला."

पलीकडून तो काय म्हणाला ते कळलं नाही, पण आई बराच वेळ "हो, हो" करत होती. ती आत आल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंस?"

"आपलं काय जातं? त्यांना बरं वाटतं."

"चाळीस डिझाइनं गेली आपली."

"अक्काला त्या घरात राहायचंय," ती म्हणाली आणि कुकर लावला. हे खरं आहे, आणि म्हणूनच मला ते वाक्य सहन होत नाही. गल्लीत, चिकपेटेत, नातेवाइकांत हेच पसरलं, की जावयांनी मेलेला कॉम्प्युटर जिवंत केला. मशीनवाल्या अण्णांनी तर आईला विचारलं, आमचाही बघतील का?

दिवाळीत तो आला. माझ्या मौनव्रताची चौकशी झाली. मग तो थेट कॉम्प्युटरसमोर बसला.

"बघू आपली सिस्टिम कशी पळतेय. अरे वा. जागा पण बरीच आहे. हे काय, हे आकड्यांचं फोल्डर? जंक आहे सगळं, हे उडवून टाकतो आधी."

त्याने त्या शंभरेक फाइली एकदम निवडल्या. सगळ्या निळ्या झाल्या. मी तोंड उघडलं. या वेळी आवाज निघणार होता, मला खात्री आहे. पण त्याच्या आत आई मधे आली, हातात फराळाचं भरलेलं ताट.

"आधी फराळ."

"ठेवा ना आई इथे, एक मिनिट."

"ठेवायचं नाही. चकली आत्ता कढईतून काढलीय. धरा, दोन्ही हातांनी धरा."

सासू ताट पुढे करून उभी राहिल्यावर कोणता जावई माऊस धरून बसेल? त्याने दोन्ही हातांनी ताट घेतलं.

"आणि तिकडे सोफ्यावर बसा आरामात. इथे कीबोर्डला तेल लागेल."

मला हवं होतं की तिने त्याला सरळ सांगावं. तुम्हाला येत नाही, हात लावू नका, एवढंच. ती ते कधी सांगणार नाही, अक्का तिथे आहे तोपर्यंत, म्हणजे कायमचंच. तो उठला, ताट सांभाळत गेला. जाता जाता म्हणाला, "काही अडलं तर सांगा हं, आई."

"सांगते की," आई म्हणाली. मग तिने रिकामी खुर्ची पायाने माझ्याकडे ढकलली आणि पडद्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "तो निळा रंग आधी काढ."